भाऊंनी मिटवलेलं भांडण

भुईगावात कुणाचं कुणाशी वाजलं की सदानंद चुरींना, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंना, बोलावणं जायचं. बांधावरून, विहिरीच्या पंपावरून, लग्नातल्या मानपानावरून, माणसं काय वाट्टेल त्यावरून भांडतात. शेजारचा फ्रेडरिकसुद्धा कुंपणाचा वाद घेऊन वकिलाकडे जायच्या आधी त्यांच्याच ओट्यावर आला होता. भाऊंची रीत ठरलेली. दोघांना समोरासमोर बसवायचं, ऐकून घ्यायचं आणि घरातलंच भांडण असलं की धाकट्याला सांगायचं, "पाया पड. झालं गेलं, विषय संपला." तो वाकला की आतून चहा यायचा. भाऊंना ह्याचा मोठा अभिमान. असो बापडा, पण सगळ्या दुखण्यांना एकच मात्रा देणारा वैद्य कधीतरी कुणाच्या तरी जिवावर उठतोच.

त्यांची लेक क्षितिजा तुळिंजला दिलेली. जावई सुमेध मुंबईत चांगल्या नोकरीत, बोलायला साखर. तो तिला मारतो हे भाऊंना इतकी वर्षं कळलं नाही, की कळून घ्यायचंच नव्हतं, देव जाणे. ती माहेरी आली ती एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्या हाताने पोराला धरून. निमिष सहा वर्षांचा. कुणी ताट जरा आपटून ठेवलं तरी तो खाटेखाली शिरायचा. अंथरूण ओलं करायचा. बोलणं तर जवळजवळ बंदच.

डॉक्टरांनी वसईला ज्ञानदाताईंकडे पाठवलं. मार खाल्लेल्या, मार बघितलेल्या मुलांवर त्या उपचार करायच्या. भाऊ दर शनिवारी नातवाला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे. खोलीत काय, तर वाळूने भरलेला एक ट्रे, लाकडी बाहुल्या आणि कुंपण करायला काड्या. पोरगा खेळतोय आणि बाई नुसत्या बघतायत. "ह्याला उपचार म्हणायचं?" भाऊ घरी येऊन बायकोला म्हणाले. "वाळू तर आपल्या किनाऱ्यावर फुकट आहे."

पण गुण येत होता, हे नाकारून कसं चालेल? निमिष हळूहळू भाऊंचं बोट धरून वाडीत जायला लागला. मोगऱ्याची कुठली कळी उद्या फुलेल ते विचारायला लागला. स्कूटरवर उभा असला की मागे रेलून भाऊंच्या पोटाला टेकायचा. त्या टेकण्याने भाऊ विरघळून जायचे.

ज्ञानदाताईंनी एकच गोष्ट बजावली होती. "भाऊ, त्याला हात लावायच्या आधी विचारत जा. उचलू का, अंग पुसू का. नको म्हणाला तर थांबायचं. त्याचं 'नको' आजवर कुणी ऐकलेलं नाही."

भाऊंनी मान डोलावली. मनात म्हणाले, एवढ्याशा पोराला काय विचारायचं?

आणि एका रविवारी सुमेध आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, बरोबर दोन वडीलधारी मंडळी. ओट्यावर बसला आणि ढसाढसा रडला. "बाबा, चुकलो. पुन्हा असं होणार नाही." क्षितिजा खोलीतून बाहेर आली नाही. भाऊंची बायको विनया दारातून म्हणाली, "अहो, त्याला गेटातूनच परत पाठवा." पण समोर रडणारा माणूस, साक्षीला मंडळी, आणि ओटा आपला! भाऊंच्या अंगात जुनी सवय संचारली. लेकीचा संसार एका हाकेवर सांधला जाईल असं त्यांना खरोखरच वाटलं.

"निमिष, ये इकडे. पप्पांच्या पाया पड बघू. झालं गेलं."

पोराने आजोबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग निमूट पुढे गेला आणि वाकला. वाकताना त्याचे हात सुमेधच्या पायांकडे गेलेच नाहीत. दोन्ही हातांनी त्याने स्वतःचं डोकं झाकलं, कोपरं कानांशी घट्ट आवळली आणि तसाच राहिला. आशीर्वादाला उचललेला सुमेधचा हात वरच्या वर थांबला. निमिषच्या पायाखाली फरशी ओली झाली.

क्षितिजा धावत आली, पोराशेजारी खाली बसली. "मी आहे. उचलू तुला?" तिने विचारलं. त्याने मानेनेच हो म्हटलं तेव्हाच तिने त्याला घेतलं. भाऊ सुमेधला एवढंच म्हणाले, "ऊठ. जा." पेढे परत न्यायचंही कुणाला सुचलं नाही.

निमिष पुन्हा मुका झाला. भाऊंचं बोटही सुटलं.

त्या शनिवारी ज्ञानदाताईंनी भाऊंना खोलीच्या कोपऱ्यात बसू दिलं. निमिषने वाळूत काड्यांचं कुंपण केलं. आत आई, आजी आणि एक लहान मुलगा. बाप कुंपणाबाहेर. मग त्याने पांढऱ्या केसांचा म्हातारा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि बापाच्या शेजारी नेऊन ठेवला. भाऊंचा हात त्या बाहुलीकडे गेला. ज्ञानदाताईंनी खुणेनेच नको म्हटलं.

"मला आत कधी घेईल?" बाहेर आल्यावर भाऊंनी विचारलं.

"ते त्याच्या हातात. तुम्ही विचारायचं आणि थांबायचं."

एवढा बाप्या माणूस, भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांना धार लागली. फार वाईट वाटलं त्यांना, आणि वाटायलाच हवं होतं.

पुढच्या महिन्यात तीच मंडळी पुन्हा आली. भाऊंनी त्यांना बसाही म्हटलं नाही. "आता काय ते कोर्टात. हा ओटा त्यासाठी नाही," म्हणाले आणि गेट लावून घेतलं. गावात कुजबूज झाली. जगाची भांडणं मिटवणाऱ्याला घरचं मिटवता येईना, म्हणे. म्हणू देत.

दर शनिवारी ते स्कूटरपाशी उभे राहून विचारायचे, "उचलू का?" पोरगा गप्प. भाऊही थांबायचे. मग क्षितिजा येऊन त्याला चढवायची. येणारेजाणारे हसायचे, नातवाची परवानगी काढतोय म्हणून.

एका शनिवारी भाऊंनी विचारलं आणि उत्तर आलं.

"नको. मी चढतो."

इतक्या आठवड्यांनी पहिला शब्द, आणि तोही नको. आयुष्यभर ज्याने आपल्या ओट्यावर कुणाला हा शब्द उच्चारू दिला नव्हता, त्या माणसाने तो ऐकला. स्कूटर दोन्ही हातांनी घट्ट धरून ते उभे राहिले. निमिषचा पाय एकदा सटकला, नडगी खरचटली. भाऊंचा हात पुढे आला आणि त्यांनी तो मागे घेतला. पोरगा स्वतःचा स्वतः चढला. आरशाच्या दांड्या धरून पुढे उभा राहिला. भाऊंच्या पोटाला टेकला नाही. भाऊंनी गाडी सुरू केली आणि वसईपर्यंत अगदी हळू नेली.