आईच्या खोलीचा एसी आणि रस्त्याकडची खिडकी

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, सकाळी साडेनऊ. हजर: आई, खाटेवर, मी, वही आणि टेप घेऊन, शेजारचे चाचा, ज्यांनी सव्वीस वर्षं आखातात एसी बसवले आणि आता इथे सुपारीची बाग बघतात, आणि फोनच्या पडद्यावर माझा धाकटा भाऊ, डोक्यावर लोकरीची टोपी, मागच्या खिडकीत बर्फ. गैरहजर: सुतार.

विषय एकच होता. आईच्या खोलीत एसी बसवायचा.

गेल्या मे महिन्यात आई भरदुपारी खाटेवरून उठताना चक्कर येऊन पडली. बोर्ली पंचतनच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा उन्हाळा यांना या खोलीत काढू देऊ नका. मी अलिबागला राहते. आईला माझ्याकडे चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी ती पिशवी भरून दाराशी ठेवते. म्हणून आमचा करार झाला. एप्रिलच्या आत खोली थंड झाली तर ती इथेच राहील. नाही झाली तर उन्हाळाभर माझ्याकडे, पिशवी न भरता.

भावाने तिकडून यादी पाठवली होती. त्यानेही नुकताच घरी एसी बसवला. त्याच्या गावात वर्षातले सहा महिने कडाक्याची थंडी, पण आता उन्हाळेही तापायला लागलेत, आणि तेच यंत्र थंडीत उलटं चालून घर गरम करतं. त्याची यादी नीट होती, मला आवडली. पहिला मुद्दा: बाहेरचं युनिट जमिनीपासून उंच, म्हणजे बर्फात गाडलं जाणार नाही.

"बर्फ न्हाय, पण पावसात अंगणात ढोपरभर पाणी असतं," चाचा म्हणाले. "उंच ते बरोबर. लिही बेटी."

मी लिहिलं. मग चाचांनी त्यांचे मुद्दे सांगितले. युनिट समुद्राकडच्या भिंतीला नको, खारा वारा तीन पावसाळ्यांत पत्रा खातो. मागे विहिरीच्या बाजूला लावायचं. कॉइल तांब्याची, वर खारं न लागणारा लेप असलेली. स्टँड साध्या लोखंडाचा नको. अर्थिंग नवीन. व्होल्टेज इथे कधी नाचतं, कधी झोपतं, म्हणून स्टॅबिलायझर. आणि सगळ्यात मोठं काम कौलांचं. आमच्या घराला भिंत आणि कौलं यांच्यामध्ये वीतभर फट आहे, वारा खेळायला ठेवलेली. एसी लावायचा तर खाली छत मारून ती बंद करायला हवी.

मी बेरीज केली. यंत्रापेक्षा बाकीचं महाग पडत होतं. भाऊ म्हणाला, "ताई, तिकडेही तसंच. मशीन स्वस्त, घर महाग."

"माझं घर महाग न्हाय," आई म्हणाली. "तुमचं आयकून घेणं महाग पडतंय."

पुढचे नऊ दिवस कामाचे. यंत्र मी अलिबागहून टेम्पोत घातलं, आगरदांड्याला फेरीबोटीत चढवलं आणि दिघीला उतरवलं. जांभ्याच्या भिंतीला भोक पाडताना घरभर लाल धूळ झाली. आई ओट्यावर बसून मोजत होती, आतापर्यंत किती वेळा मी "अजून पाच मिनिटं" म्हणाले. चाचांनी भोकाला बाहेरच्या बाजूला उतार दिला, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. सुतार फिरकलाच नाही, म्हणून कौलांखालचं छतही चाचांनीच दोन गडी घेऊन मारलं. एसीच्या पाण्याची नळी आईने स्वतः अळूच्या वाफ्यात सोडायला लावली. "फुकटचं पाणी गटारात कशाला?"

शेवटचा मुद्दा भावाचा होता. उदबत्ती पेटवून दाराखिडक्यांच्या कडेने फिरवायची. धूर हलला की तिथे फट. मी ती फिरवत होते, तर आई म्हणाली, "देवापुढची उदबत्ती काढून खिडकीला ओवाळतेस? तिला नवस बोललीस काय?"

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. पण रस्त्याकडच्या खिडकीशी धूर चांगलाच वळला. जुनी लाकडी झडप, फटी बोटभर. तिला आतून रबराची पट्टी मारली आणि झडप कायमची लावून टाकली. दाराखालीही पट्टी. मी वहीत सगळ्या मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. बुधवारी सकाळी नऊ वाजता एसी सुरू झाला, सव्वीसवर. आई चादर ओढून झोपली. मी दार हळूच लोटून मागे स्वयंपाकघरात गेले आणि, खरं सांगते, स्वतःवर खूश होते.

अकरा वाजता तिने विचारलं, "मासळीवाली आली न्हाय?"

"नाही आली."

"बुधवारी येते ती."

संध्याकाळी चाचा बाजारातून आले. दार ढकलून आत पाहिलं आणि उंबऱ्यावरच थांबले. "वैनी, तुम्ही हायत? मासळीवाली तर बाजारात सांगत व्हती, पोरीनं नेलं अलिबागला. दार लावलेलं, खिडकी लावलेली, म्हणून तिनं बांगडे दुसरीकडे दिले. दोघी-तिघींनी तर मला इचारलं, आजारी व्हत्या काय म्हणून."

मला तेव्हा कळलं मी काय विसरले होते. आमच्या गावात दिवसा दार लावलेलं नसतं. दार लावलेलं म्हणजे माणूस गावाला गेलं, नाहीतर त्याहून वाईट. आईची खाट त्या खिडकीशी पंचवीस वर्षं आहे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "वैनी, जेवलात?" म्हणतो आणि ती प्रत्येकाला काहीतरी ऐकवते. मे महिन्यात ती पडली तेही पहिल्यांदा खिडकीतूनच कुणीतरी पाहिलं होतं. माझ्या यादीत बावीस मुद्दे होते, त्यात हा नव्हता. भावाच्या यादीत असणं शक्यच नव्हतं. त्याच्या गावात दार उघडं राहिलं तर शेजारी फोन करून सांगतात.

आईने काही आरडाओरडा केला नाही. रिमोट घेतला, एसी बंद केला, दार सताड उघडलं. "मरायच्या आधीच दार लावलंत माझं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घामाने भिजून ओट्यावर बसली होती, हातात माडाच्या झापाचा पंखा. मी अलिबागचं नावही काढलं नाही. तिनेही नाही. पण कोपऱ्यातली तिची पिशवी मला दिसत होती आणि मला दिसतेय हे तिला दिसत होतं.

मार्ग चाचांनी काढला. "वैनी, तिकडं आखातात सगळी दुकानं एसीची. दार बंद. पण काच असते, म्हणून आतला माणूस दिसतो, गिऱ्हाईक येतं. या खिडकीला लाकूड कशाला पायजे? काच घाला."

"म्हणजे मी काय दुकानात मांडलेली लोणच्याची बरणी?"

"बरणी गप असते. तुम्ही कुठं गप असता?"

आई हसली. मग विचारलं, "आवाज आयकू येईल?"

"काचेवर टकटक केलं की येईल," मी म्हणाले.

"आणि मला बोलायचं झालं तर?"

चाचांनी खिडकी खालून वितीने मोजली. शेवटी ठरलं की खालचा एक लहान तुकडा सरकता ठेवायचा, हात बाहेर जाईल आणि बांगडे आत येतील एवढा. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, त्याने थंडी जाईल. म्हणजे इथली गार हवा. आई म्हणाली, "थोडी जाऊ दे. रस्त्याने जाणाऱ्यालाही लागू दे." खिडकी उत्तरेला आहे, थेट ऊन येत नाही, हे आमचं नशीब.

तोवरची तडजोड: एसी रोज दुपारी दोन ते चार. त्या वेळी रस्त्याला कुणी नसतं. बाकी वेळ दार उघडं. आत्ता चालतंय, एप्रिलमध्ये दोन तास पुरणार नाहीत हे तिलाही माहीत आहे.

सुतार शनिवारी आला एकदाचा. माप घेतलं, चहा घेतला, काच बोर्लीतून आणावी लागेल म्हणाला. कधी बसवणार विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परगावची आहे. "ताई, शिमगा तोंडावर आलाय. पालखी घरी येऊन गेल्याशिवाय हत्याराला हात न्हाय लावायचा."

"शिमग्यानंतर नक्की?"

"नंतरच ना."

आई आतून म्हणाली, "कुठल्या वर्षीच्या, ते लिहून घे."

मी लिहून घेतलं. मुद्दा तेविसावा: रस्त्याकडची खिडकी, काच चौतीस बाय अठ्ठावीस इंच, खाली सरकता तुकडा उजव्या हाताला, कारण आईची उशी त्या बाजूला असते. सुताराला सांगून झालं. काच आणायची आहे. पुढे बरोबरच्या खुणेची जागा कोरी आहे.