अ‍ॅडजस्ट

आज शिलाई मशीन दुरुस्त करणारा आला. तेल घालून त्याने एक स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "अ‍ॅडजस्ट केलंय, आता दोरा तुटायचा न्हाई." त्या तेलाच्या वासाने मी थेट कुंडलला, माहेरी पोचले.

वडील शिंपीकाम करत. 'अ‍ॅडजस्ट' हा इंग्रजी शब्द मला त्यांच्या मशीनपुरताच ठाऊक होता. मग मला बघायला आष्ट्याची मंडळी आली. मुलगा मिलिटरीत होता. पोहे खाऊन झाल्यावर त्याची मावशी गोड आवाजात म्हणाली, "पोरगी पसंत हाय. फकस्त तिनं जरा अ‍ॅडजस्ट करावं."

दाराआड मला मशीनचा स्क्रू आठवला. ही बाई माझ्यातलं नेमकं काय फिरवणार?

माझ्या आत्यालाही संशय आला. तिने विचारलं, "आवं, म्हंजे काय करावं?"

"काय न्हाई वो, समद्याच करत्यात," मावशी हसली.

"बरं. मग आमी घर बघाया कवा येऊ?"

मावशीचं हसू गेलं. "घर काय बघायचं? आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय की. पर पोरगी चुलीपाशी ऱ्हाणार, तवा चूल बघाया नगं?"

त्यांचा निरोप पुन्हा आलाच नाही. त्या घरात काय होतं, ते अजून मला ठाऊक नाही. चांगलं स्थळ घालवलं म्हणून मी आत्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

पुढे वाईला सासरी तो शब्द मी रोज ऐकला. तिथे मात्र माझ्या बाजूने "म्हंजे काय?" असं विचारणारं कोणी नव्हतं.