दुसऱ्याचं नाटक हातात धरताना

आमच्या इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस म्हणाले, "अण्णा, आपल्यातल्या लेखकांची नवी नाटकं कोणती करावीत, ते मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लिहून द्या." मी एकच सांगणार आहे. नोकरीसाठी पुण्याहून इथं आलेल्या, मारतहळ्ळी भागात राहणाऱ्या एका मुलीचं. बाकीचीही चांगली असतील. पण या नाटकापायी मी तीन आठवडे धड जेवलो नाही, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला जास्त आहे.

नाटक साधं आहे. मुलाकडे राहायला आलेला म्हातारा बाप आणि त्या इमारतीचा राखणदार. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, तरी रोज खाली खुर्च्या टाकून बोलतात. तिनं ते बसवनगुडीत एकाच्या घरी आम्हाला वाचून दाखवलं. संपल्यावर सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो, "यंदा हेच. मी सुचवतो."

म्हटलं, आणि मग आठवलं.

आमच्या मंडळात रिवाज आहे. दुसऱ्याचं नाटक ज्यानं सुचवलं, त्यानंच प्रॉम्प्टिंगला बसायचं, पहिल्या तालमीपासून प्रयोगापर्यंत. तोंडानं शिफारस कुणीही करील, संहिता धरून विंगेत बसला तर खरी. सुचवणारा उठला की नाटक बाद.

आणि मला मराठी वाचता येत नव्हतं.

आमचं गाव सीमेवरचं. घरात मराठी, शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. पुढं या शहरात येऊन कारखान्यात लेथवर लागलो. मंडळानं माझी सात नाटकं केली, ती सगळी मी कानडी अक्षरांत लिहिली. भाषा मराठीच, अक्षरं तेवढी ती. आमची ही दुपारी बसून ती मराठी अक्षरांत उतरवायची. मला ती अक्षरं एकेक करून लागतात, जोडाक्षर आलं की गाडं अडतं. "शिकवते की, महिन्याचं काम," असं ही तीनदा म्हणाली. बायकोपुढं पाटी घेऊन बसायचं मला जमलं नाही. माझ्या नाटकांना प्रॉम्प्टिंगला मीच बसायचो, पण ती मला पाठ असत, म्हणून निभावून गेलं.

ही गेली. माझ्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. मंडळाकडं सातही नाटकं आहेत, ती हिच्या अक्षरात. मला वाचता येत नाही हे कळलं, तर पुढचा प्रश्न काय येणार हे मी जाणून होतो. मग ती नाटकं लिहिली कुणी?

मी त्या मुलीला सांगितलं, "लेखकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी बसत नसतो." ती तीन रविवार आली आणि वाचत गेली. मी मांडीवर वही घेऊन कानडीत भराभर लिहीत गेलो. मी सूचना टिपतोय असं तिला वाटलं. एकदा वाकून बघायला लागली, तर मी वही मिटली.

"इतकं वाईट आहे का, काका?"

"वाईट असतं तर सुचवलं असतं का?"

तालमींना तिची संहिता वर आणि माझी वही आत, असं धरून बसलो. कुणी मागं येऊन उभं राहिलं की वही संहितेत खोल ढकलायचो.

चौथ्या तालमीला तिनं चार नवी पानं माझ्या हातात दिली; नटांना ती आदल्या दिवशी मिळाली होती. बाप आजारी पडतो आणि राखणदार वर जाऊन त्याच्या मुलाला समजावू बघतो, तो प्रवेश. फोनवर तिनं मला सांगितला होता. नाटकाचं काळीज तिथंच होतं. पण कागदावर मला नुसत्या काळ्या रांगा दिसत होत्या.

बापाचं काम करणारा अडकला. सगळे विंगेकडं बघायला लागले.

"अण्णा, वाक्य द्या की," चिटणीस म्हणाले. "डोळा लागला काय?"

"पानं नवीन आहेत."

"असू देत. मराठीच आहेत ना?"

"काकांचा चष्मा बदला, नाहीतर नाटक," बापाचं काम करणारा म्हणाला. सगळे हसले.

चिटणीसही हसत होते, पण म्हणाले, "सुचवणाराच गप्प बसला तर रिवाज माहीत आहे तुम्हाला. मागच्या वर्षीचं विनोदी परत काढावं लागेल."

ती मुलगी उठली. "चूक माझी आहे. आयत्या वेळी बदललं. काढून टाकते हा प्रवेश." आणि पानं घ्यायला हात पुढं केला.

मी पानं सोडली नाहीत. माझ्या नाटकातलं कुणी असं काढलं असतं तर मी भांडलो असतो.

"काढायचं नाही," मी म्हणालो. "मला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. कानडी येतात. तू वाच, मी लिहून घेतो."

मग चिटणीसांनी विचारलंच.

"मग अण्णा, तुमची नाटकं?"

"माझी."

"पण ती तर वहिनींच्या..."

"अक्षर तिचं. नाटकं माझी."

ती मुलगी माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि हळू वाचायला लागली. घाईत माझ्याकडून एक ओळ दोनदा लिहिली गेली.

प्रयोग झाला. चांगला झाला. नंतर कॉफी पिताना मंडळातल्या एकानं अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या त्या पहिल्या नाटकाचा दुसरा अंक वहिनींना कसा सुचला हो?" मी कप ठेवला आणि घरी आलो. तेव्हापासून मंडळात जायचं म्हटलं की चपला घालून दारात घुटमळतो. तरी जातो.

ते नाटक करा. दुसऱ्या गावच्या मंडळांनीही करावं, आणि ती चार पानं गाळू नयेत. हा मजकूर मी कानडी अक्षरांत लिहून दिलाय. चिटणीस कुणा कानडी जाणणाऱ्याकडून उतरवून घेतील. मूळ कागद मात्र मला परत हवेत, सगळे.