माझ्या दस्तातली एकुलती एक खाडाखोड

"हे खोटं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि शाईच्या पॅडकडे नेलेला अंगठा त्यांनी पदराखाली लपवला.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी मंगरूळच्या रजिस्ट्री कचेरीसमोर अर्जनवीस होतो. म्हणजे लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं लिहून देणारा. अकरा वर्षांत माझ्या एकाही दस्तात खाडाखोड नव्हती. रजिस्ट्रार साहेब नव्या अर्जनवीसांना माझे कागद दाखवत. मला त्याची भारी घमेंड होती, खोटं कशाला बोलू!

माझी दुसरी सवय म्हणजे अंगठा देणाऱ्याला अख्खा दस्त वाचून दाखवायचा. बाईंचा मुलगा मनोहर त्या दिवशी वैतागला होता. "मायले काय समजते त्यातलं? साडेचारची गाडी हाय आमची." त्याचे वडील लकव्यानं चार महिने अकोल्याच्या नर्सिंग होममध्ये पडून होते आणि तिथेच गेले. आता बाई अकोल्याला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. इंझोरीचं घर त्यांच्याच नावावर होतं. ते गावातले दुकानदार शांतीशेठ घेत होते.

तरी मी वाचत राहिलो. 'सदर घरावर कोणाचाही हक्क, बोजा अगर वाट-वहिवाट नाही.' बोजा म्हणजे कर्ज, वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षांचा वापर. हे वाक्य प्रत्येक खरेदीखतात असतं. मी ते झोपेतही लिहिलं असतं. नेमकं तिथेच बाईंनी अडवलं.

शेठ ताडकन उठले. "बोजा हाय का घरावर? मनोहर, हे आंधी काहून नाई सांगितलं?"

"बोजा नाई, वाट हाय," बाई म्हणाल्या. "मागच्या धुरपतेले रस्त्यावर याले आमच्या आंगनातूनच वाट हाय. तिच्या मागं नाला हाय. पंचवीस वर्सं झाली, ते इथूनच येते-जाते."

"माय, घर इकून राह्यलो ना आपन? तू कायले मधात पडते?"

"कायले? तुहा बाप दवाखान्यात होता, तवा एस.टी.च्या कंडक्टरजवळ भाकरीचं गाठोडं कोन देत जाय? अन् तिचीच वाट बंद करू? मी अंगठा देत नाई."

शेठना मागच्या हद्दीपर्यंत गोडाऊन बांधायचं होतं. "मंग आमाले घर नको," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. मनोहरनं कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर चूक माझी होती. मी न विचारता लिहिलं होतं. स्वतःचाच असा राग आला!

"बसा शेठजी," मी म्हणालो. "वीस वर्षांवर चाललेली वाट कागदावर नसली तरी कोर्ट मानू शकते. लिहिली तर तीन हात जागा जाईल. नाही लिहिली तर तारखा करता करता चपला झिजतील."

"तुमी कोनाच्या बाजूनं हा?"

"कागदाच्या."

शेठ पुटपुटत बसले. "तीन हात. बोटभरही जास्त नाई. बैलगाडी चालनार नाई तिथून."

"तिच्याजवळ कुठून आली बैलगाडी? डोक्शावर मोळी घेऊन निंगते बिचारी," बाई म्हणाल्या. "साडेतीन करा. तिनात मोळी भिताडाले घासते."

साडेतीन झाले. मी माझ्या त्या सुंदर वाक्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. बाजूला वाट लिहिली. शेठनं तिथे सही केली, बाईंनी अंगठा दिला.

साहेबांनी दस्त पाहिला आणि चष्मा वर सरकवला. "तुमच्या कागदावर खाडाखोड?"

"हो साहेब. मुद्दाम केली."

मनोहरची साडेचारची गाडी गेली ती गेलीच. निघताना बाई माझ्यासमोर थांबल्या. "अक्षर लय चांगलं हाय भाऊ तुमचं. पन आंधी पुसत जा, मंग लिवत जा."

त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो. पुढे शेकड्यानं स्वच्छ दस्त लिहिले. त्यातला एकही आज आठवत नाही. इंझोरीला गेलो की मात्र शेठच्या गोडाऊनच्या कडेनं जाणारी ती वाट मी अभिमानानं पाहून येतो. आता धुरपताबाईची सून तिथून मोळी घेऊन जाते. मोळी भिंतीला घासत नाही.