समोरच्या मुंजीची बासुंदी

लग्न होऊन अमरावतीला आले, त्याच उन्हाळ्यात समोरच्या घरी मुंज निघाली आणि नेमका आदल्या दिवशी मला कावळा शिवला. झालं. मागच्या पडवीत चटई, तांब्या, वेगळं ताट. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण त्या पडवीपर्यंत काही ते आलं नव्हतं. हे अकोल्याला नोकरीला, माहेर बाळापूरला. बोलायला कोण, तर भिंत.

संध्याकाळभर समोर बासुंदी आटत होती, तिचा वास थेट माझ्या चटईपर्यंत. दूध चार गवळ्यांकडचं, उन्हात फिरून आलेलं. आटवलेलं पातेलं गरमच झाकून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी पंगतीलाच उघडलं. सासू-सासरे जेवून आले. मी म्हटलं, "वाटीभर आणायची होती."

"बाहेरचीसाठी मागू पंगतीत? लोक काय म्हणतील," सासूबाई म्हणाल्या.

आंबटच असेल मेली, असं मी मनाशी म्हणत बसले. कोल्ह्याची द्राक्षं, दुसरं काय.

दिवेलागणीच्या आत सासरे ओसरीवर ओकायला लागले, पाठोपाठ सासूबाई. अख्ख्या गल्लीत तेच. हाकेला येईल असं एक माणूस धड नव्हतं. धडधाकट मी एकटी, आणि माझाच हात कशाला लागलेला चालत नव्हता.

सासूबाई माजघरात पडून "पाणी, पाणी" करत होत्या. मी दारातून विचारलं, "मी देऊ?"

"माठाले हात लावू नको."

डोळे खोल गेले होते त्यांचे. मी उंबऱ्यावर उभी. बाई माझ्यादेखत जाते की काय, असं वाटायला लागलं. आणि गेलीच, तर हिनं शिवलं म्हणून गेली म्हणतील, हेही होतंच. शेवटी म्हटलं, जळो ते सोवळं. माठात तांब्या बुडवला, मीठ-साखर कालवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"मंग मीही इथून उठत नाही," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं त्या प्यायल्या. पुन्हा मागितलं. सासऱ्यांनाही पाजलं. डॉक्टर गल्लीतून घरोघर फिरत आमच्याकडे आले, म्हणाले, बासुंदीत जंतू झाले होते, पाणी पाजत राहिलात म्हणून निभावलं. गुंगीत सासूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, आता या घरात आपलं माणूस झालं.

बऱ्या झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माठ बदलला. मग गल्लीतल्या बाया समाचाराला आल्या. एकीनं विचारलं, "सारी गल्ली आडवी होती, तुमाले पाणी कोणं देल्लं वो?"

"देवानं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मला लोकांच्या बोलण्यातून वाचवलं, असं हे पुढे म्हणायचे. असेल. पण मला एकदा 'सुनेनं' ऐकायचं होतं. त्या असेतोवर वाट पाहिली. त्या आजारपणाच्या पुढच्याच महिन्यात चटई पुन्हा पडवीत पडली, आणि नव्या माठातलं पाणी त्यांनी माझ्या तांब्यात वरून ओतलं.