दुसरा थेंब

आमच्या मॅडम भित्र्या होत्या, आणि ते त्या सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगायच्या. सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत पाल येवो नाहीतर परदेशी पाहुणा, त्यांच्या मैंदर्गी गावच्या बोलीत पहिलं वाक्य ठरलेलं, "अय्यो, मला भ्या वाटतंय की गं!" आम्ही विद्यार्थिनी पाठीमागे त्यांना भिऊबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांचा ध्यास एकच: माळावरच्या चंडोलाचा संपूर्ण जनुकसंच वाचून काढायचा. तो हाती आला की गाण्यामागची जनुकं शोधता येणार होती. गंमत म्हणजे त्यासाठी न गाणारी मादीच हवी, कारण पक्ष्यांत लिंग ठरवणारी दोन्ही गुणसूत्रं फक्त मादीत असतात. पंखातून रक्ताचे दोन थेंब मिळाले की भागलं. "दोनच थेंब," मॅडम म्हणायच्या, "पण जीव केवढासा हाय बघ की."

वनखात्याची परवानगी संपायच्या दिवशी सकाळी जाळ्यात एक चंडोल सापडला. मॅडमनी पोटावरची पिसं फुंकून बाजूला केली. खाली उघडी कातडी! चंडोलांत नर-मादी दिसायला सारखेच. अंडी उबवणाऱ्या मादीचं पोट तेवढं असं उघडं पडतं. "मॅडम, मादी!" मी ओरडलेच. त्यांचा चेहरा पांढराफटक. "अगं, मग अंडी उन्हात पडलीत की कुटंतरी!"

आणि सोलापूरचं ऊन ते! मॅडमनी पंखात सुई टोचली, एक थेंब निघाला आणि मादीनं डोळे मिटले. चोच उघडी, मान सैल. तरी मी म्हणाले, "मॅडम, अजून एकच थेंब!"

"नगं. मेली तर कुटं तोंड लपवू?"

त्यांनी तिला जमिनीवर ठेवलं आणि पदराची सावली धरून उकिडव्या बसल्या. मादी हलेना. किती वेळ गेला देव जाणे! एकदम ती उठली, तुरुतुरु चालत जवळच्याच गवताच्या ठोंबाआड गेली आणि घरट्यात बसली. मॅडम तिथंच ढसाढसा रडल्या.

एका थेंबात भागलं नाही. जनुकसंच तुकड्यातुकड्यांतच राहिला. "थोडं धाडस हवं होतं," लोक म्हणाले. पुढचा हंगाम यायच्या आत मॅडम हृदयविकारानं गेल्या आणि काम माझ्या गळ्यात आलं.

यंदा पहिल्याच सकाळी जाळ्यात मादी आली. पिसं फुंकली, पोट उघडं. ऊन चढत होतं. बरोबरचे सगळे सुईकडे बघत उभे. बोटांना लागणारी धडधड तिची की माझी, कळेना. मी मूठ उघडली.