अंगावर येणारा चेंडू

"जागा हाये का बे?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता चेंडू फेकायचे. प्रश्न आणि चेंडू एकदमच निघायचे, पण चेंडू आधी पोचायचा. बेसबॉलचा चेंडू किती कडक असतो हे मला पहिल्याच दिवशी माझ्या बरगडीनं सांगितलं. मी गुडघ्यावर बसून श्वास शोधत होतो आणि ते वर उभे राहून शांतपणे म्हणत होते, "म्हंजे झोपला होता."

हे आमचे कोच. नाव लिहीत नाही. सिंगापूरच्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांनी एव्हाना ओळखलंच असेल, आणि उरलेल्यांना नाव कळून उपयोग नाही. अमरावतीला कॉलेजात असताना ते बेसबॉल खेळले, नोकरीसाठी इथं आले, आणि बेडोकच्या बाजूला एका मैदानावर शनिवार-रविवारी आमच्यासारख्यांना बडवू लागले. आमची टीम सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधली. त्यात एक जपानी बँकर, दोन फिलिपिनो भाऊ, एक चिनी शाळामास्तर, आणि मी, सेंगकांगला राहणारा अकाउंटंट. क्रिकेटच्या कुठल्याही टीमनं मला घेतलं नव्हतं. इथं कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो.

गंमत म्हणजे आठवडाभर ते तुआसच्या एका जहाजबांधणी यार्डात सेफ्टी ऑफिसर होते. कुणी हेल्मेटचा पट्टा बांधला नाही तर तिथं काम थांबवणारा हा माणूस इथं येऊन आम्हाला सांगायचा, "ग्लव्हज विसर. छाती मधात आण. चेंडू छातीले लागून खाली पडला का उचल." मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पाच दिवस लोकायले वाचवतो ना बे. दोन दिवस तरी मारू दे."

आणि ते मारायचेच. सरावाला बादलीभर चेंडू घेऊन जवळून फटके हाणायचे. शाळामास्तरांचा एक दात त्यात गेला. धाकट्या फिलिपिनोचं बोट उलटं वळलं, ते यांनीच ओढून सरळ केलं आणि आइस्क्रीमची काडी लावून बांधलं. सराव झाला की सगळे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला जायचे आणि उसाच्या रसाच्या थंडगार पिशव्या घ्यायचे. रस नंतर प्यायचा, आधी पिशवी सुजेवर धरायची. तुम्ही शेजारच्या टेबलावर असता तर मारामारी करून आलेली टोळी बसली आहे असंच तुम्हाला वाटलं असतं.

आमच्यात खरी खेळाडू एकच होती, रेवा. आई-वडील पुण्याचे, पोरगी इथंच वाढलेली. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, अंगानं काडी, आणि खांद्यात काय भरलं होतं देव जाणे. तिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, यांनी केलं. दोन वर्षं तिच्या मागे लागले. मनगट, कंबर, पाऊल, सगळं सुटं करून पुन्हा जोडलं म्हणा ना. हंगाम संपल्यावर देशाच्या महिला संघाची निवड चाचणी होती, आणि रेवा तिथं जाणार हे त्यांनी तिच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

तिचं हत्यार म्हणजे आतला चेंडू. बॅटरच्या छातीजवळून सणसणत जाणारा. तो गेला की बॅटर मागे सरकतो, आणि मग पुढचा चेंडू त्याच्या हाताला लागत नाही. "ज्याले आतला टाकता येत नाही तो पिचर नाही, वाढपी हाये," असं ते म्हणायचे. रेवा आतला असा टाकायची की झेलताना माझे डोळे आपोआप मिटायचे.

मग एका मॅचमध्ये तो चेंडू दोन बोटं जास्त आत गेला. बॅटर मागे सरकण्याऐवजी पुढे वाकला होता. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि तो माझ्या पायाशी कोसळला. गालाचं हाड आत गेलं होतं आणि नाकातून, तोंडातून रक्त येत होतं. आमचे कोच सगळ्यांच्या आधी तिथं पोचले. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मान हलू दिली नाही, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिले. इतका मऊ आवाज आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. रेवा आपल्या जागेवर उभी होती, हात तसाच पुढे राहिलेला.

तो माणूस बरा झाला. गालात धातूची पट्टी बसवली, आणि रेवाला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं की तुझी चूक नाही. पण रेवा बरी झाली नाही. त्या दिवसापासून तिचे सगळे चेंडू बाहेरून जाऊ लागले. समोरच्या टीमना हे कळायला फार वेळ लागला नाही. ते प्लेटला, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीला, चिकटून उभे राहायचे आणि निवांत झोडपायचे. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही वरून दुसरे होतो, मध्यावर आलो तेव्हा खालून दुसरे.

कोचनी त्यांना येत होतं ते सगळं केलं, म्हणजे आरडाओरडा. बादली लाथाडली, एक बॅट खांबावर आपटून तिचे दोन तुकडे केले, तिची कपची स्वतःच्याच तळव्यात घुसवून घेतली. रक्ताळलेला हात झटकत ते तिच्यावर धावून गेले. "भेव लागते तर घरी बस! कायले येतं इथं?"

रेवाही त्यांचीच चेली. हातातला ग्लव्ह तिनं त्यांच्या अंगावर फेकला. "मी त्याचा फेस मोडला, काका! यू वॉन्ट मी टु डू अगेन, इज इट?"

त्यांनी खाली पडलेला ग्लव्ह उचलून तिच्या हातात दिला आणि त्या दिवशी रस न पिताच निघून गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तर ते आधीच प्लेटपाशी उभे होते. डोक्यावर हेल्मेट, हात रिकामे, बॅट नाही. मला बसायची खूण केली आणि रेवाला म्हणाले, "आतला टाक."

"कॅनॉट ला, काका. तुम्हाला लागेल."

"लागू दे. तेच पाहाचं हाये."

तिनं पहिला चेंडू माझ्या डावीकडे मैलभर लांब टाकला. ते एक पाऊल प्लेटच्या आत सरकले. दुसराही लांब गेला, ते आणखी सरकले. शेवटी ते असे उभे राहिले की सरळ टाकलेला चेंडूही त्यांना लागलाच असता. रेवा रडत होती. रडत रडतच तिनं टाकला आणि तो त्यांच्या मांडीवर बसला. मी अगदी मागे होतो, मला त्यांचा दातांतून आलेला श्वास ऐकू आला. त्यांनी मांडीकडे पाहिलंही नाही. "मेलो का मी? नाही ना? टाक मंग."

असं आठवड्यामागून आठवडे चाललं. मांडी, दंड, कोपर, बरगड्या. वीज पडायचा इशारा देणारा भोंगा वाजून मैदान रिकामं करायला लावलं की तेवढीच त्यांना सुट्टी. शर्ट बदलताना मी त्यांची पाठ पाहिली होती, जांभळी, हिरवी, पिवळी. छातीचं पॅड घाला म्हणालो तर म्हणाले, "पॅड पायलं तर तिले वाटन पॅडच्या भरोशावर हाये. हेल्मेट ठेवलं ना? मी येडा हाये, पण सेफ्टी ऑफिसर हाये." मला त्यांचा संताप यायचा. हे शिकवणं आहे की स्वतःला कुटून घेणं, असं वाटायचं. आणि पुढचा चेंडू येताना त्यांची न हललेली पापणी पाहिली की त्या माणसाचे पाय धरावेसे वाटायचे.

एकदा त्यांच्या बायकोचा फोन आला. "भावजी, खरं सांगा, यांना कोण मारतंय?"

"रेवा," मी म्हणालो.

"ती एवढीशी पोरगी?"

"हो, वहिनी."

वहिनी सुटल्यासारख्या म्हणाल्या, "मग मारू द्या. मला वाटलं यार्डात कुणाशी हातापायी केली. तसं झालं तर नोकरीचा पास जायचा आणि मुलांची शाळा सोडून सगळ्यांना परत जावं लागायचं."

हळूहळू रेवाचा हात मोकळा होऊ लागला. चेंडू आत येऊ लागले आणि त्यांना न लागता जाऊ लागले. आणि एका रविवारी, तिनं जोर पूर्ण लावला होता तेव्हा, एक सुटला. तो थेट हेल्मेटच्या कानावर आदळला. फाटकन आवाज झाला आणि ते आडवे झाले. कानातून रक्ताची बारीक धार निघाली. मी मास्क फेकून धावलो तर रेवा माझ्या आधी पोचली होती. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मान धरली, अगदी त्यांनी त्या दिवशी धरली होती तशीच.

ते डोळे उघडून म्हणाले, "चांगला होता. आता उठ आन आणखी टाक."

"काका, शटअप."

"टाक म्हणतो ना! आता थांबली तर कायमची थांबशीन."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते बाजूला भिंतीला टेकून कानाला टॉवेल दाबून बसले, आणि रेवा टाकत राहिली. एकामागून एक, सगळे आतले. माझा तळवा ग्लव्हच्या आत पेटला होता. तिचे डोळे कोरडे होते. पोरगी परत आली होती, हे आम्हा तिघांनाही त्याच वेळी कळलं. पुढची मॅच आम्ही जिंकलो, त्याच्या पुढचीही.

त्यांच्या कानाचा पडदा फाटला होता, तो भरून आला. थोड्या दिवसांनी ते मैदानावर परत आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात जोडले आणि सवयीनं माझ्याकडे वळले. "जागा हाये का बे?" चेंडू आला, मी झेलला. मी खरोखर जागा होतो. हसून मी तो त्यांच्याकडे परत टाकला, अगदी हळू, लहान मुलाला देतो तसा.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चेंडू त्यांच्या पोटाला लागून खाली पडला. त्यांनी हात बाजूला केले, त्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाकीचे पाणी पीत होते, रेवा बुटाची नाडी बांधत होती. ते म्हणाले, "पुन्हा टाक." मी टाकला. हात पुन्हा वर गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात पाठीमागे बांधले, तर मान खांद्यात गेली.

त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये ते सगळ्यांपासून लांब, माझ्यासमोर बसले. रसाचा एक घोटही घेतला नाही. "अंग आयकून नाही रायलं माझं," ते म्हणाले. "चेंडू दिसला का पयते. यार्डात क्रेनचा हुक हालला तरी पयते." मी म्हणालो की होईल बरं, तिचं झालं तसं. ते म्हणाले, "माझं होवो न होवो. तिले सांगू नको. तिनं एक डाव जरी मले असं पायलं ना, तर समजन का मले तिनं मोडलं. मंग पुन्हा बाहेरून टाकन." चाचणीला थोडेच आठवडे उरले होते. आयुष्यभर लोकांच्या अंगावर चेंडू फेकणारा तो माणूस माझ्यासमोर घाबरून बसला होता, आणि त्याला काळजी दुसऱ्याच्याच भीतीची होती. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

त्यांनी टीमच्या ग्रुपवर लिहिलं की यार्डात शनिवार-रविवारची ड्युटी लागली आहे, यापुढे येता येणार नाही. रेवा भडकली. फोन केले, ते त्यांनी उचलले नाहीत. मग ती माझ्यावर उखडली. "जस्ट लाइक दॅट सोडून गेले? ट्रायलच्या आधी? हाऊ कॅन?" मी म्हणालो, "ड्युटी आहे गं." ती मला एक शिवी देऊन गेली. ती मराठी बोलते, पण तिला मराठी वाचता येत नाही. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं, आज त्यामुळेच मी हे सगळं लिहू शकतो आहे. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर कृपा करून गप्प बसा.

चाचणीच्या दिवशी ऊन भाजत होतं. रेवाच्या समोर पहिली बॅटर आली, आडव्या खांद्यांची, प्लेटवर ओणवून उभी राहिलेली. रेवानं वळून बाकांकडे पाहिलं, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. बाकावर बसलेल्या मला जे दिसलं होतं ते तिला दिसलं नव्हतं. बाकांच्या मागे, कुंपणाच्या पलीकडे, पार्क केलेल्या बसच्या आडोशाला ते उभे होते, यार्डाच्या निळ्या कपड्यांत.

रेवा दात आवळून वळली आणि तिनं टाकला. राग होता त्यात, सगळा. चेंडू त्या बॅटरच्या हनुवटीखालून गेला, ती मागच्या मागे धुळीत बसली. निवड करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसराही आतला. तिसराही.

मी मैदानाकडे पाहत नव्हतो. प्रत्येक चेंडूला कुंपणापलीकडचे ते खांदे उडत होते, मान आत जात होती. पण डोळे उघडे होते, आणि हात तोंडावर जाऊ नयेत म्हणून त्यांनी दहाही बोटं जाळीत घट्ट अडकवून ठेवली होती.